वाट सांगू नकोस, नाव सांग

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे अकरा फोटो मिळाले. फोटो चांगले आहेत हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. माझं डोकं फिरलं ते फोटो उलटे करून पाहिल्यावर. मागे पेन्सिलीनं लिहिलंयस, ‘अनाम १’, ‘अनाम २’, असं अकरापर्यंत. आणि पत्रात विचारतेस, की जागेचं नाव सांगितलं की गर्दी होते, लोक दगडांवर आपली नावं कोरतात, वीरगळांवर, लढाईत पडलेल्या वीरांच्या त्या स्मारकशिळांवर, उभं राहून फोटो काढतात. मग नाव लपवलेलंच बरं ना?

नाही गं. बरं नाही.

अनाम काय आहे त्यात? पळसदेव आहे ते. पळसनाथाचं देऊळ. पाण्याबाहेर आलेलं ते विटांचं शिखर मी हजार शिखरांत ओळखीन. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, गाव उठलं, हमरस्त्याकडे वर जाऊन बसलं. गावानं नवीन जागेवरही नाव तेच ठेवलं, पळसदेव. ज्यांचं सगळं पाण्यात गेलं त्यांनी जी एक वस्तू उचलून नेली, ती हे नाव. तू तेवढीच खोडलीस.

आता तारीख. तीही नाही. अगं, उजनीच्या फोटोवर तारीख नसेल तर उरलं काय? ११७ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, त्यातला ६३च्या वर मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणजे पेपरात शून्य टक्के छापून येतं तेव्हाही अर्ध्याहून जास्त पाणी असतंच. धरण ‘मायनस’मध्ये गेलं की मग हळूहळू शिखर, मग खांब, मग ओवऱ्या, मग वीरगळ. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरलं होतं, म्हणून तुला गाभाऱ्यापर्यंत पायी जाता आलं. त्या एका तारखेत त्या सालचा सगळा दुष्काळ आहे. तारीख काढून टाकलीस की नुसतं सुंदर देऊळ उरतं, कॅलेंडरवर छापण्याजोगं.

आणि फोटो क्रमांक चार. डाव्या कडेला काळ्या पाईपचं टोक दिसतंय. बाकीचा पाईप तू फ्रेमबाहेर ठेवलास, हो ना? मला कळतं, मी पन्नास वर्षं हेच करत आलोय. पाणी मागे सरकतं तसा शेतकरी मोटर उचलतो, केबल वाढवतो, पाईपला पाईप जोडत पाण्याच्या मागे जातो. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. तुझ्या ‘ओसाड’ फोटोच्या पाच पावलं डावीकडे कुणाचं तरी पीक उभं होतं. तू त्याला विचारलंस का, बाबा, नाव काय तुझं?

चिडून लिहितोय, समजून घे. कारण सांगतो.

धरण भरायच्या आधीचे दोन उन्हाळे मी त्या गावांतून फिरलो. विशीतला होतो, मामाचा याशिका कॅमेरा गळ्यात. माणसं स्वतःची घरं उतरवत होती. दारं, चौकटी, तुळया बैलगाडीत घालून वर नेत होती. चौकट काढलेल्या भिंतीला जे भगदाड पडतं, त्यातून पलीकडचा उजेड असा काही यायचा की मी वेडा झालो. एका घराच्या ओट्यावर एक बाई बसली होती. ओट्याच्या फरशीत उखळ पुरलेलं. ते उचलून नेता येईना म्हणून ती त्यावर हात ठेवून बसलेली. मी तिला म्हणालो, “मावशी, जरा बाजूला होता का?” ती उठली. पदर सावरून बाजूला उभी राहिली. मी रिकाम्या ओट्याचा फोटो काढला.

तिचं नाव विचारलं नाही.

मग माझा स्टुडिओ झाला, पासपोर्ट फोटो, लग्नं. पंधराएक वर्षांनी एक माणूस आला. म्हणाला, तुमच्याकडं जुन्या गावचे फोटो हायेत म्हणं. आमचं घर असंल तर बघा. मी लाइट बॉक्स लावला, बासष्ट निगेटिव्ह मांडल्या. तो भिंग घेऊन दोन तास बसला. दारं नसलेली घरं, छपरं नसलेल्या भिंती. माणूस नाही, नाव नाही, आळी नाही. स्वतःचं घर त्याला ओळखता येईना. शेवटी उठला आणि म्हणाला, “असंल ह्यातलंच कुठलं तरी.” मी चहा पाजला. आणखी काय करणार होतो?

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटलोय. नाव लिही. गावाचं लिही, आळीचं लिही, घर कुणाचं ते लिही. जुन्या किल्लारीचे फोटो मी भूकंपानंतर काही वर्षांनी काढले होते, लोक नव्या वसाहतीत गेल्यावर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावर वर्षानुवर्षं माती चढवून जड झालेली माळवदं; झोपेतल्या माणसांवर तीच आली. एका दिवाळी अंकानं ते फोटो मागितले आणि मथळा ठरवला ‘भग्नतेचं सौंदर्य’. प्रत्येक फोटोखाली घरमालकाचं नाव येईल तरच देतो, असं मी कळवलं. संपादक म्हणाले, पानाची मांडणी बिघडते. मी फोटो परत घेतले. त्यांनी मला पुन्हा काम दिलं नाही, इतरांनीही हळूहळू बंद केलं. बायको म्हणायची, एवढं ताणायला नको होतं. ताणायलाच हवं होतं. आजही तेच करीन.

गर्दीची तुझी भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. म्हणून वाट सांगू नकोस. कुठून वळायचं, कुठल्या मच्छीमाराची होडी नेते, गाळ कुठे वरून वाळलेला आणि आतून गुडघाभर आहे, हे छापू नकोस. पण नाव सांग. नाव लपवून जागा वाचत नाही. ती फक्त तिथल्या माणसांची राहत नाही, तुझी होते. तुझी ‘अनाम ५’.

तुझ्यावर माझा जीव आहे म्हणून इतकं लांबलं. अकरावा फोटो, ओवरीतल्या खांबाला चिकटलेले शिंपले, तो मला फार आवडला. तसला मला कधी जमला नाही.

वैशाखात ये. त्या बासष्ट निगेटिव्हांचे मोठे प्रिंट काढून ठेवतो. नव्या गावात देवळाच्या पारावर अजून चार-पाच म्हातारी माणसं दुपारी बसतात. माझे डोळे आता बारीक अक्षर लिहू देत नाहीत. ती सांगतील ते तू लिही. त्या उखळाचा प्रिंट आधी दाखवू. येताना मऊ पेन्सिल आण. प्रिंटच्या मागे पेनची शाई पसरते.