कँटन-मुंबई व्यापारावर काम करताय? आधी तारखा तपासा

'मुंबईच्या अफू व्यापारावर पीएचडी करायची आहे, एमए इतिहासात झालंय, चिनी येत नाही, कोणत्या विभागात जाऊ?' हा तुमचा प्रश्न वाचून दहा वर्षांपूर्वीची मीच आठवले. विभागाची पाटी बघू नका, मार्गदर्शक बघा. चिनी तर शिकावीच लागेल, त्यावर वेगळं लिहीत नाही.

मला सगळ्यात महागात पडली ती एक तारीख. अफूचा व्यापार बंद करायला चिनी सम्राटाने पाठवलेला आयुक्त लिन झेशू कँटनला (आजचं ग्वांगझो) पोहोचला ती नोंद 'दाओग्वांग १९, पहिला महिना, २५ वा दिवस' अशी होती. दाओग्वांग १९ म्हणजे दाओग्वांग सम्राटाच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष, १८३९, म्हणून मी वहीत २५ जानेवारी लिहून मोकळी झाले. खरी तारीख १० मार्च! आदल्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे चिनी नवं वर्ष १४ फेब्रुवारीला लागलं होतं. अधिक मास आपल्या घराघरांत पाळतात, तरी तिथे तो मला सुचला नाही.

कँटनहून मुंबईला आलेल्या फेब्रुवारीच्या पत्रांत लिनच्या येण्याबद्दल चकार शब्द नव्हता. व्यापारी मुद्दाम लपवताहेत, असं धरून मी अख्खं प्रकरण लिहिलं. माणूस तेव्हा तिथे पोहोचलाच नव्हता. आठ महिने पाण्यात गेले.

चिनी जाणणारं कुणी शेजारी बसलं असतं तर पाच मिनिटांत चूक सापडली असती. त्यासाठीच मी मदतनिधीचा अर्ज केला होता. इतिहासवाल्यांनी 'हे भाषेचं काम' म्हणून परत पाठवला, भाषावाल्यांनी 'आम्ही फक्त साहित्य बघतो' म्हणून. शेवटी तिसऱ्या टेबलावर सांगितलं की फॉर्ममध्ये एकाच चौकोनात खूण हवी. आंतरविद्याशाखीय संशोधनाचं परिपत्रक त्याच भिंतीवर लावलेलं होतं. अजूनही राग येतो. आता नियम बदलले असतील, तुमच्याकडे चौकशी करून घ्या.

नावांचंही तसंच. इंग्रजी कागदांतला हाउक्वा आणि चिनी कागदांतला वू बिंगज्यान हा एकच व्यापारी. त्यातही 'हाउक्वा' हे घराण्याचं व्यापारी नाव, पुढच्या पिढीनेही तेच वापरलं. प्रत्येक नावापुढे चिनी अक्षरं लिहून ठेवा, नुसत्या उच्चारावर विसंबू नका.

माझं मत, पटलं तर घ्या: फक्त कागदांवर हा विषय उलगडत नाही. १८३९ च्या जूनमध्ये कँटनजवळच्या हूमनला लिनने अफूच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, त्यात माळव्याचा मालही होता. तो मुंबईमार्गे कसा गेला हे समजायला जहाजांचे हंगाम आणि चांदीचे व्यवहार माहीत हवेत. आणि जमलं तर एखाद्या पारशी घरातला जुना गारा, म्हणजे चिनी भरतकामाची साडी, हातात घेऊन बघा. चिनी रेशमावरचे ते बगळे आणि पिओनीची फुलं याच व्यापारातून आपल्याकडे आली. मला कँटनची कारागिरी पहिल्यांदा कळली ती तिथे, पत्रांत नाही.

तुमच्या टिपणांत चिनी तारखा असतील तर इथे टाका, मी रूपांतर करून देते.