विचारा डॉक्टरताईंना : माळाचं कुंपण आणि मेंढ्यांची चराई

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. येवला तालुक्यात ममदापूरच्या बाजूला आमचं साडेचार एकर माळरान आहे. तीन गायी, बारा शेळ्या. बहिणीचा मुलगा अमेरिकेत मोंटाना राज्यात शिकायला आहे. तो म्हणतो, तिकडे गुरं पाळणाऱ्यांना सरकार कुंपणाला आणि पाण्याच्या टाक्यांना पैसे देतं. आपल्याकडे आहे का तसं काही? काटेरी तारेसाठी दुकानदाराला इसार दिलाय. बिल जपून ठेवू ना?

उत्तर : दादा, आधी ती तार थांबवा. मग पुढचं वाचा.

भाचा सांगतोय ते खरं आहे. त्या योजनेला तिकडे ‘इक्विप’ म्हणतात, १९९६पासून चालू आहे. मृदसंधारण खात्याचा माणूस आधी रानात येऊन फिरतो. गवत कोणतं आहे, ओढ्याकाठ कुठे तुडवला गेलाय, पाणी प्यायला गुरं किती लांब जातात, हे सगळं बघून आराखडा करतो. मग करार होतो. करारावर सही व्हायच्या आत खांब रोवलात, तर त्या कामाचा छदामही मिळत नाही. काम झालं, तपासणी झाली, की खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे. नवख्या किंवा गरीब शेतकऱ्याला ९० टक्क्यांपर्यंत. आणि कुंपण कशासाठी, तर रानाचे भाग पाडायला. एका भागात कळप चरतो तोवर बाकीचं गवत सावरतं.

आपल्याकडे पैसा गोठ्याला आहे, जनावर विकत घ्यायला आहे, तळ्याला आहे. गवताच्या वाट्याला फार थोडा. नोकरीत असताना माझी हीच कुरकुर असायची, अजूनही आहे. कुंपणाच्या ज्या योजना आहेत त्या जंगलालगतच्या गावांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी. चराईचे भाग पाडायला नाहीत. एक नियम मात्र दोन्हीकडे सारखाच : महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदान-अर्जांच्या संकेतस्थळावर, पूर्वसंमती येण्याआधीच्या तारखेचं बिल चालत नाही. त्यामुळे तुमचं ते बिल जपून काही उपयोग नाही.

शिवाय तुमच्याकडे काळवीट आहेत. मोंटानात प्राँगहॉर्न नावाचं हरणासारखं जनावर असतं, ते कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालून सरपटत जातं. म्हणून तिथे सगळ्यात खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून निदान १६ इंच वर ठेवायला सांगतात. स्वतःच्या पैशांनी तार ओढणारच असाल, तर खालची आणि वरची तार साधी घ्या. तारेत अडकून काळवीट मेलं तर पाप तर आहेच, वर वनखात्याच्या चकरा.

मला विचाराल तर तार नकोच. चुना मारलेले दगड मांडून माळाचे तीन भाग करा. पावसाळ्यात एक भाग पूर्ण बंद ठेवायचा, मारवेल आणि पवन्या या चांगल्या गवतांचं बी खाली पडेपर्यंत. दसऱ्यानंतर तो विळ्याने कापून घरी आणायचा. उरलेल्या दोन भागांत गुरं आलटूनपालटून. गवत चार बोटं राहिलं की हलवायची. कुसळी गवतावर फुलोऱ्याआधीच चारून घ्या, नंतर तिची कुसळं जनावरांच्या तोंडात रुततात. पहिल्या पावसावर स्टायलो या चाऱ्याच्या शेंगवर्गी पिकाचं बी फेकून द्या, मुरमाड जागीही येतं. बंद ठेवायचा भाग दर वर्षी बदला. शेळ्या अर्थातच दगडाला जुमानणार नाहीत, त्यांच्यामागे माणूस लागेलच.

पैशांचं म्हणाल, तर दोन हेक्टरच्या आत असल्याने तुम्ही अल्पभूधारकात बसता. २०२१च्या शासन निर्णयात रोजगार हमीतून दोन ते सहा गुरांच्या गोठ्याला ७७,१८८ आणि दहा शेळ्यांच्या शेडला ४९,२८४ रुपये धरले होते. चालू दर ग्रामपंचायतीत विचारा आणि ग्रामसभेच्या आराखड्यात नाव घाला, त्याशिवाय फाईल हलत नाही. शेततळ्याला कमाल ७५,००० रुपये अनुदान आहे. घेतलंत तर पावसाच्या पाण्याने भरेल अशा जागी घ्या. विहीर उपसून तळं भरायचं आणि त्याला जलसंधारण म्हणायचं, हे द्राक्षवाल्यांना शोभतं. त्यांचा राग आला तरी चालेल मला.

प्रश्न : ताई, आम्ही सिन्नरकडचे धनगर. तीसेक मेंढ्या आहेत. पावसाळ्यात शेतात पिकं आणि वनात बंदी. चराईचे पैसे मिळतात म्हणे?

उत्तर : मिळतात. भटक्या जमाती-क मधल्या मेंढपाळांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत चराई अनुदान आहे. निदान २० मेंढ्या आणि १ नर हवा. जून ते सप्टेंबर, महिना ६,००० प्रमाणे एकूण २४,००० रुपये. अर्ज ऑनलाईन असतो आणि मुदत थोडीच असते, तेव्हा जातीचा दाखला आणि आधार जोडलेलं खातं आत्ताच तयार ठेवा. वर मी गवताच्या वाट्याला थोडा पैसा म्हटलं, तो हा. रान कोवळं असतं त्याच चार महिन्यांत तुमचा खर्च सरकारने उचलला, तर डोंगरही वाचतो.

वनातल्या चराईचं वेगळं आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क धरलेला आहे, फिरस्त्या मेंढपाळांचासुद्धा. पण दावा ग्रामसभेमार्फत करावा लागतो, गार्डाशी बांधावर भांडून तो मिळत नाही.

प्रश्न : ५०० शेळ्यांचं युनिट टाकलं तर ५० लाख मिळतात. एजंट आगाऊ पैसे मागतोय. देऊ का? (मालेगाव)

उत्तर : नका देऊ. योजना खरी आहे, राष्ट्रीय पशुधन अभियानातली. अर्ज पोर्टलवर फुकट भरता येतो. ५०० शेळ्या आणि २५ बोकडांना निम्मं अनुदान, कमाल ५० लाख. म्हणजे उरलेलं निम्मं तुमचं किंवा बँकेचं, आणि अनुदानही दोन हप्त्यांत येतं. एवढ्या शेळ्यांना रोज दीड-दोन टन हिरवा चारा लागतो. जमीन किती, पाणी मे महिन्यापर्यंत पुरतं का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. १०० शेळ्या आणि ५ बोकडांचंही युनिट आहे, त्याला कमाल १० लाख. तेवढाही विचार असेल तर आधी राहुरी कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत हे चाऱ्याचं गवत लावा आणि एक उन्हाळा काढून बघा.