एक कनेक्शन, घरात चार कॉम्प्युटर: सुरुवात कुठून करावी

आधी नवा राउटर (एकच कनेक्शन सगळ्या कॉम्प्युटरना वाटणारा डबा) घ्यायला धावू नका. फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला डबा बहुतेकदा स्वतःच राउटर असतो. मागे लॅनची पोर्ट (कॉम्प्युटरची केबल खुपसायची भोकं) दिसली आणि वाय-फाय येत असलं, तर चार कॉम्प्युटरना तेवढा पुरतो.

खरा घोळ जागेचा. डबा टीव्हीच्या कपाटात किंवा लोखंडी कपाटामागे कोंबला, की आतल्या खोलीत रेंज मेलीच म्हणून समजा. घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवा. वाय-फायचे दोन पट्टे असतात: ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतं. लांबच्या खोलीला २.४ बरं. जागचा न हलणारा डेस्कटॉप असेल तर सरळ कॅट-६ (नेटवर्कची केबल) ओढा, १०० मीटरपर्यंत चालते. वायरचा कंटाळा करू नका हो!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- ॲडमिनचा, म्हणजे राउटरची सेटिंग उघडायचा, मूळ पासवर्ड तसाच ठेवणं. पहिल्याच दिवशी बदला, वाय-फायचाही.
- जुना राउटर कसाही जोडणं. दोन्ही राउटर कॉम्प्युटरना नेटवर्कवरचे पत्ते वाटायला लागले की नेट मधूनच गायब होतं.
- प्लॅनमधले १०० एमबीपीएस (नेटचा वेग) प्रत्येकाला मिळतील असं धरणं. ते सगळ्यांत मिळून १०० असतात.

मेश (घरभर अनेक डबे लावून वाय-फाय पसरवणं) वगैरे आत्ता नकोच. आधी हे आठवडाभर चालवून बघा, अडलं तर विचारा.