सीटच्या प्लॅस्टिकवर ७८ हजार घालावेत का?

प्रश्न: वय ३७, पुण्यात आयटीत नोकरी. दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड ऑडी टीटी घेतली. २०१६ ची नोंदणी, ४८,००० किलोमीटर, गाडीवर कर्ज नाही. ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या बाजूचं काळं प्लॅस्टिक कव्हर पांढरट पडलंय, त्याच्या कोपऱ्यावर एक खोल चर गेलाय. सीटची पाठ पुढे पाडायच्या हँडलवरचं कोटिंग चिकट होऊन सोलतंय आणि पाठीमागच्या पॅनेलवर ओरखडे आहेत. अधिकृत वर्कशॉप दोन्ही सीटची ट्रिम (बाहेरचं प्लॅस्टिक) नवी बसवायचे ७८,००० सांगतं. एक डिटेलिंग स्टुडिओ आहे तीच रंगवून द्यायचे १४,००० मागतो. गाडी विकायचं अजून ठरलेलं नाही, पण एक डीलर म्हणतो की आतून नवी दिसली तर लाखभर जास्त देईन. हातात पगार १.६ लाख, घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून १.१ लाख, एसआयपी २५,०००, एफडी २ लाख. कार्डावर १५ टक्क्यांनी वर्षभराचा ईएमआय करू, की तीन महिने एसआयपी थांबवू? विम्यातून काही निघेल का?

उत्तर: विम्याचा विषय आधी संपवू. वापराने झिजलेलं प्लॅस्टिक मोटार पॉलिसीत बसत नाही. कुणी ‘अपघातात दाखवू’ म्हणत असेल तर तो सरळ खोटा क्लेम आहे, आणि व्यवहार म्हणूनही वेडेपणा. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कवच) नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर कंपनी ५० टक्के घसारा कापते. वर आजवर साठलेला नो क्लेम बोनस पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. दहा वर्षांच्या आसपासच्या गाडीला झिरो डेप मिळणंही अवघडच.

आता डीलरचा लाख रुपये. हा लाख त्याने फक्त तोंडी सांगितलाय. गाडी बघून, रक्कम घालून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या म्हणा, आकडा किती खाली येतो ते दिसेल. शिवाय तो स्वतः ७८ हजारांची ट्रिम कधीच घालणार नाही, रंगवूनच पुढे विकेल. तरी त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. गिऱ्हाईक दार उघडून आधी ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघतं. मीटरवर ४८ हजार आणि कड ९० हजारांसारखी दिसली की मीटर मागे फिरवल्याचा संशय येतो, आणि त्या संशयापोटी गाडीची किंमत पडते. म्हणजे तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: नीट दिसणारी कड आणि सर्व्हिसचे सगळे कागद. नव्या प्लॅस्टिकने यापेक्षा जास्त काही मिळत नाही.

करसवलतीचंही मनात असेल तर तेही सोडा. स्वतःच्या वापरातली गाडी आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नाही. विकताना नफा झाला तर त्यावर कर नाही आणि तोटा झाला तर तो कशातून वजा होत नाही. बिल जपून ठेवा, पण ते गिऱ्हाइकाला दाखवायला.

माझ्या मते स्टुडिओकडे जावं, पण सगळंच रंगवू नये. या कव्हरवर बारीक दाणेदार पोत असतो. पांढरट डाग आणि वरवरचे ओरखडे रंगाखाली झाकले जातात, खोल चर नाही. चर पुट्टीने भरून घासला की तेवढ्या जागेवरचा दाणा जातो, आणि उन्हात दार उघडलं की नेमका तोच गुळगुळीत ठिपका चमकतो. म्हणून ड्रायव्हर बाजूचं ते एक कव्हर नवं घ्या, बाकीचं रंगवा. वर्कशॉपकडे सुट्या भागांचं कोटेशन मागा. ७८ हजारांत त्या एका तुकड्याचे किती, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

परदेशातून जुना भाग मागवायचा पर्यायही आहे. युरोपात बहुतेक देशांत स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे तिकडच्या गाडीची उजवी सीट प्रवाशाची आणि तिचं बाहेरचं कव्हर सहसा कमी घासलेलं. आपल्याला उजवंच हवं. मात्र तुमच्या पिढीच्या टीटीचे भाग ८एस ने सुरू होतात आणि ट्रिमच्या क्रमांकातली शेवटची तीन अक्षरं रंगाची असतात. सगळा क्रमांक जुळला आणि सीटच्या बटणांचे कटआउट तेच असले तरच घ्या. कुरिअर आणि कस्टम्स धरून हिशेब करा, बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते.

हँडलचं दुखणं वेगळं आहे. त्यावरचं मऊ कोटिंग पॉलियुरेथेनचं असतं आणि दमट हवेत ते रासायनिकरीत्या तुटतं, म्हणून बोटाला चिकटतं. तो मळ नव्हे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पूर्ण उतरवायचं आणि मग रंगवायचं किंवा खालचं प्लॅस्टिक तसंच ठेवायचं. रविवारच्या एका दुपारचं काम आहे, त्याचे पैसे कुणाला देऊ नका. एक मात्र पाळा: रंगकाम होईपर्यंत सीटच्या प्लॅस्टिकला सिलिकॉनचं चकाकी देणारं ड्रेसिंग फासू नका. आठवडाभर छान दिसतं, पण नंतर त्यावर रंग धरत नाही, बारीक खड्डे पडतात. हीट गन फिरवून काळेपणा परत आणायचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा, त्यात दाणा वितळतो.

स्टुडिओला काम देण्याआधी दोन प्रश्न विचारा. कव्हरच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा प्रकार छापलेला असतो, पीपी किंवा एबीएस. पीपीवर अ‍ॅडहेशन प्रमोटरशिवाय (रंग धरून ठेवणारा खालचा थर) रंग टिकत नाही, पोपडे निघतात. तेव्हा खाली काय मारणार, ते नावानिशी सांगा म्हणा. दुसरा प्रश्न एअरबॅगचा. तुमच्या सीटच्या बाहेरच्या कडेतच साइड एअरबॅग आहे आणि तिचा पिवळा कनेक्टर सीटखाली असतो. सीट काढायची असेल तर बॅटरी आधी सोडायला हवी आणि कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू होता कामा नये. नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला पुन्हा स्कॅनरवाल्याकडे जावं लागतं. हे ऐकून समोरचा माणूस गोंधळला तर किल्ली देऊ नका.

आता पैसे कुठून. ७८ हजारांचा वर्षभराचा ईएमआय १५ टक्क्यांनी महिना ७,०४० च्या आसपास बसतो. व्याज साधारण ६,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, प्रोसेसिंग फी निराळी. झिजलेल्या प्लॅस्टिकसाठी कर्ज काढू नये, याहून जास्त मी त्यावर बोलणार नाही. एसआयपी थांबवणंही नको. त्या तीन हप्त्यांचे वीस वर्षांनी किती झाले असते, हा हिशेब मात्र मी मांडत नाही. तसा मांडायला लागलं तर माणसाने चहासुद्धा पिऊ नये.

तुमच्या पत्रातला मला खटकलेला आकडा दुसराच आहे. १.१ लाख खर्च आणि एफडी २ लाख, म्हणजे नोकरी गेली तर दोन महिनेही निघत नाहीत, आणि तुम्ही आयटीत आहात. शिवाय पगारातून खर्च आणि एसआयपी वजा केली की २५,००० उरायला हवेत. ते कुठे जातात हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, बरेचसे गाडीत. तसं असेल तर गाडीचं वेगळं खातं उघडा आणि महिना १०,००० त्यात टाका. ट्रिमचं काम दोन-तीन महिन्यांनी त्यातूनच करा. उरलेले १५,००० एफडीला जोडा, निदान चार महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. सहा जमले तर उत्तमच.

कारण या गाडीचे खरे खर्च पुढे उभे आहेत. ६०,००० किलोमीटरला गिअरबॉक्सचं तेल बदलावं लागतं, ते चुकवून चालत नाही. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे बघा: २३१९ असतील तर २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर इतकं जुनं असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, १८ इंची चार टायरचा खर्च धरून चाला. गाडी ठेवणार असाल तर २०३१ ला नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच.

टायर आधी, मग ते एक कव्हर आणि रंग. टायर जुने निघाले तर स्टुडिओला पुढच्या वर्षीची तारीख द्या, आणि डीलर मध्येच लेखी आकडा घेऊन आला तर मला कळवा, तेव्हा रंग आधी करायचा की तसाच सौदा करायचा ते बघू.