शांत प्रवासासाठी कोणते टायर?

प्रश्न : गाडीला 205/55 आर16 (रुंदी 205 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंची) टायर आहेत. नवे घेताना धक्के आणि आवाज कमी व्हावेत म्हणून काय पाहावे?

उत्तर : ‘टूरिंग’ (आरामदायी प्रवासासाठीचे) प्रकारचे घ्या, स्पोर्ट टायरची बाजू कडक असते, खड्डा थेट आत जाणवतो. 15 इंची रिम ब्रेकला अडत नसेल, तर 205/60 आर15 उत्तम. व्यास जेमतेम 5 मिलिमीटरने घटतो, पण बाजूची उंची 113 वरून 123 मिलिमीटर होते आणि धक्के तिथेच जिरतात. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा अंक) मूळपेक्षा कमी नकोच. हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे भरा. टायरवरचा हवेच्या दाबाचा आकडा कमाल मर्यादेचा असतो. जुने टायर करवतीसारखे झिजले असतील तर आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासा, नाहीतर नवेही घोंघावू लागतील.