वाचक विचारतात: पेटी, गिटार आणि मंडळीतली फूट

प्रश्न : आमची मंडळी, म्हणजे चर्च, पुणे कॅम्पाजवळची. जुनी माणसं बहुतेक नगरकडची, त्यांना पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं हवीत. तरुण संघाला गिटार आणि हिंदी गाणी हवीत. आता ते संध्याकाळची वेगळी उपासना मागताहेत. पाळकसाहेबांनी एकीवर लागोपाठ उपदेश केले, तरी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या सभेत आवाज चढतातच. ससूनमधल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी काहीतरी करायचं ठरलं होतं, तेही कागदावरच राहिलं. एकी कशी येईल?
– एक पंच, पुणे

उत्तर : सलाम. ससूनचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते वाट तिथूनच निघते.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय काढा. पहिल्या मंडळीत, रोजच्या अन्नाच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती. प्रेषितांनी मंडळीलाच सात माणसं निवडायला लावली. स्तेफनपासून नीकलावपर्यंत सातही नावं ग्रीक आहेत! तक्रार ज्यांची होती, त्यांच्यातल्या माणसांच्या हाती सगळ्यांचं वाटप दिलं गेलं. तुम्हीही ससूनच्या कामाची वही आणि पैसे तरुण संघाकडे द्या. खर्चावर दुसरी सही एखाद्या ज्येष्ठ पंचाची ठेवा.

मी नोकरीभर नर्स होते, म्हणून काम काय असतं ते सांगते. सोलापूरकडून आलेली बाई नवऱ्याला वॉर्डात ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर, रेशनकार्ड, आधार घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरते. जनआरोग्य योजनेसाठी एक झेरॉक्स कमी पडली की दिवस गेला. तिला धीर देऊन कुठे, कोणाला विचारायचं हे सांगायला तुमच्या मंडळीतल्या निवृत्त सिस्टर हव्यात. फॉर्म भरायला आणि झेरॉक्ससाठी पळायला तरुण पोरं. एक सिस्टर, एक तरुण अशाच जोड्या लावा. आधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून परवानगी घ्या आणि खरी गरज कशाची आहे ते त्यांनाच विचारा. वॉर्डात पत्रकं वाटायची नाहीत, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. अडलेल्या माणसाला मदतीच्या बदल्यात काही ऐकून घ्यायला लावणं प्रभूला शोभत नाही.

आता गाण्यांचं. ना. वा. टिळक 1919 मध्ये गेले. त्यांची भजनं आली तेव्हा मिशनच्या देवळांतून इंग्रजी चालींवरची गीतं रुळलेली होती. म्हणजे त्या काळी भजनच नवं होतं. हे ज्येष्ठांना प्रेमाने सांगा. आणि 1970 मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि विश्वास कबूल केल्यावरचाच मानणारे, दोघेही तिच्यात आले. दोन्ही पद्धती ठेवल्या गेल्या. बाप्तिस्म्यासारख्या गोष्टीत हे जमलं, तर एका उपासनेत पेटी आणि गिटार नक्कीच बसतील.

संध्याकाळच्या वेगळ्या उपासनेला मात्र आत्ता होकार देऊ नका. वेळा वेगळ्या झाल्या की माणसं एकमेकांना फक्त वार्षिक सभेत भेटतात, तेही मतं द्यायला. तो विषय नाताळानंतर घ्या, आणि त्या सभेत ससूनला जाणाऱ्या जोड्यांना आधी बोलू द्या.