‘सेवेला जावंसं वाटत नाही, माझ्यात माणुसकी कमी आहे का?’

“कंपनीतले सगळे रविवारी समाजसेवेला जातात. मला जावंसंच वाटत नाही. माझ्यात माणुसकी कमी आहे का, मॅडम?”

मी समुपदेशक आहे. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कंपन्यांतून येणारे लोक हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कुणाच्या घरी तान्हं बाळ असतं, कुणाची नाईट शिफ्ट रविवारी सकाळी संपते, कुणी चारचौघांत पगारातून वर्गणी कापायला हो म्हणून बसलेलं असतं. औषधं किंवा दवाखान्याच्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीत हा प्रश्न अधिक बोचतो. रोजचं कामच लोकांच्या आरोग्याचं, मग ‘मी येणार नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

ज्याच्याविषयी लिहिते आहे तो एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात आहे. वय तिशीच्या थोडं पुढे. लिहायला त्याची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

तो आला पोटाच्या तक्रारीवरून. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं, त्यांनीच माझ्याकडे पाठवलं होतं. मधूनच एखाद्या शनिवारी रात्री पोटात मुरडा येतो, झोप लागत नाही, सकाळी तो सुपरवायझरला ‘बरं नाही’ असा मेसेज टाकतो. तारखा कॅलेंडरवर मांडून पाहिल्या, तर ते सगळे शनिवार कंपनीच्या गावभेटीच्या आदल्या दिवसाचे निघाले.

कंपनी ‘निक्षय मित्र’ झाली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रधानमंत्री टीबी मुक्त भारत अभियान सुरू झालं, तेव्हापासून कंपनी, संस्था किंवा साधी व्यक्तीसुद्धा क्षयरोग्याच्या संमतीने त्याला दरमहा धान्य, डाळ, तेल अशी आहाराची पिशवी पुरवू शकते. निदान सहा महिने तरी. ही कंपनी पेठ तालुक्यातल्या काही पाड्यांवर पिशव्या देते. आणि हा मुलगा पेठ तालुक्यातलाच. त्यामुळे यादीत त्याचं नाव सगळ्यांत वर. “तुझाच भाग आहे, तुला भाषा येते, तू तर हवासच.”

तो एकदाच गेला होता. सावळघाट उतरून गाडी पाड्यावर थांबली, सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घातले, बॅनर लागला. एका म्हाताऱ्याच्या हातात पिशवी देताना याला सांगितलं गेलं, जरा कॅमेऱ्याकडे बघा. म्हाताऱ्याने तोंडावरचा रुमाल वर ओढून घेतला. “त्यांच्या जागी माझा बाप दिसला, मॅडम,” एवढं बोलून तो बराच वेळ गप्प होता.

मग आश्रमशाळेचं निघालं. तो चौथीत असताना शहरातून काही मंडळी चपला वाटायला आली होती. रांग लावली, फोटो झाले. याला मिळालेल्या चपला दोन बोटं मोठ्या होत्या. “बदलून द्या म्हणायची हिंमत नव्हती. त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या ना.” पावसाळाभर त्या चपला पायातून निसटत राहिल्या. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

अशा वेळी समुपदेशकाने घाईने ‘तुम्ही वाईट नाही’ असं सांगितलं, तर ते वरवरचं होतं आणि समोरच्याला ते कळतं. मी त्याला विचारलं, तुम्हाला नक्की काय नको आहे? द्यायला नको आहे, त्या गावात जायला नको आहे, की देताना दिसायला नको आहे? तो पुढच्या वेळी उत्तर घेऊन आला. द्यायला त्याची ना नव्हतीच. भाचीच्या नर्सिंगची फी तोच भरतो, गावचं कुणी सिव्हिलला दाखल झालं तर डबा याच्या घरून जातो. त्याला नको होता तो फोटो, आणि रांगेतल्या माणसासमोर टी-शर्ट घालून उभं राहणं.

मात्र एका बाबतीत मी त्याच्याशी सहमत नव्हते. एव्हाना तो म्हणू लागला होता की हे सगळं नाटक आहे, पिशव्यांनी काय होतं? पिशव्यांनी होतं. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात क्षयरोग्याच्या घरच्यांना पूरक आहार दिला, तेव्हा त्यांच्यात फुफ्फुसाच्या क्षयाचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. सरकारही निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात दरमहा १००० रुपये टाकतं, २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ते ५०० होते. नागली-भातावर राहणाऱ्या घरात डाळ-तेल पोहोचणं ही मोठी गोष्ट आहे. देण्याची रीत दुखवते म्हणून देणंच फोल ठरवलं, तर त्या म्हाताऱ्याच्या घरचं नुकसान होईल. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, लगेच पटलं नाही.

त्याची दुसरी भीती अनेकांची असते: नाही म्हटलं तर अप्रेझलवर परिणाम होईल का? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. ही जबाबदारी कंपनीची. कर्मचाऱ्याने स्वतःचा रविवार दिलाच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. पगारातून देणगी कापायची तर तुमची लेखी संमती हवी, आणि ती मागे घ्यावीशी वाटली तर तेही लेखी कळवावं. कागद झाला म्हणून साहेब नाराज होणारच नाहीत, अशी हमी मी देऊ शकत नाही. पण नुसतं ‘पोट दुखतं’ सांगत राहिल्याने नाराजी अधिक साचते, कारण समोरच्याला ते टाळणं वाटतं.

रक्तदान शिबिराबाबतही मला हेच विचारतात, म्हणून इथेच सांगते. वजन ४५ किलोपेक्षा कमी किंवा हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी असेल तर रक्त घेतच नाहीत. हिमोग्लोबिनमुळे परत पाठवलेल्या बाईला ‘घाबरली’ म्हणून चिडवणं ही क्रूरता आहे. तिने त्या दिवशी शरम नाही, लोहाच्या गोळ्या घरी न्यायला हव्यात.

एचआरशी काय बोलायचं याची आम्ही तयारी केली. मी एकच आग्रह धरला: तक्रार सांगा, आणि तुम्ही स्वतः काय करू शकता तेही सांगा. तो काय करू शकतो हे त्याला माहीत होतं, फक्त त्याची किंमत त्याने कधी केली नव्हती. कंपनीची भेट जानेवारीत ठरली होती. दिवाळीनंतर पेठचे अर्धे पाडे रिकामे होतात, माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर जातात. पिशवी गावात पोहोचते आणि रुग्ण बागेवर असतो. त्याहून वाईट म्हणजे गोळ्या मधेच सुटतात. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. रुग्णाची निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंद असली की उपचार बागेजवळच्या सरकारी दवाखान्यात वर्ग करता येतो, पण हे रुग्णाला कुणी त्याच्या भाषेत सांगावं लागतं.

एचआरच्या बाईंना त्याने हे सांगितलं. आपण रविवारी येणार नाही, पण संमती दिलेल्या रुग्णांना आठवड्यातून एकदा संध्याकाळी फोन करू, कोण कुठल्या बागेवर आहे ते आशाताई आणि आरोग्य केंद्राला कळवू, असं म्हणाला. फोटोचंही बोलला. त्या बाईंची अडचणही खरी होती, त्यांना हिशेबासाठी पुरावा लागतो. आता पिशव्यांचा आणि पोचपावतीच्या सहीचा फोटो काढतात, माणसांचा काढत नाहीत. बॅनर अजून लागतो. जानेवारीची भेट रद्द करून पिशव्या बागांवर पाठवायचं ठरलं आहे, तिथल्या मालकांशी बोलणं चालू आहे.

सुपरवायझर अजूनही अधूनमधून ‘हा फोनवाला समाजसेवक’ म्हणतो. ते त्याला लागतं, आणि आम्ही त्यावर बोलतो. आश्रमशाळेतली ती गोष्ट बायकोला सांगायची का, हे त्याचं ठरलेलं नाही. त्याच्या यादीतल्या एका रुग्णाने मध्यंतरी फोन उचलणं बंद केलं होतं. हा सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल घेऊन निफाडकडच्या त्या बागेवर गेला, गोळ्या संपल्या होत्या असं कळलं, आणि त्या माणसाला सोबत घेऊन तिथल्या आरोग्य केंद्रात नोंद करून आला. कंपनीत त्याने हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, सांगायचं की नाही ते त्याच्यावर आहे.